सायनोटाइपचा निळा रंग धुताना वाहून जातो: डायक्रोमेटची बाटली उघडण्याआधी करायच्या तपासण्या

सायनोटाइप म्हणजे लोहाच्या मिठांचा लेप दिलेल्या कागदावर उन्हाने निळे चित्र उमटवण्याची जुनी छपाई. उन्हातून आणलेल्या कागदावर चित्र ठसठशीत दिसते. पाण्यात टाकले की निळा ढग निघतो आणि पाच मिनिटांत कागदावर फिकट सावली उरते. सायनोटाइप करणाऱ्या प्रत्येकाला हा बिघाड कधी ना कधी भेटतोच. त्यावर अनेक कृतींमध्ये दोन जालीम उपाय सुचवलेले असतात: द्रावणात पोटॅशियम किंवा अमोनियम डायक्रोमेट (क्रोमियमचे विषारी मीठ) घालणे, नाहीतर प्रिंट हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या पाण्यात धुणे. हे दोन्ही घरात करण्यासारखे नाहीत, आणि दोन्हींची गरजही क्वचितच पडते. दोष बहुतेक वेळा उन्हात, दमटपणात, पाण्यात किंवा कागदात असतो. तिथला इलाज फुकटात होतो, नाहीतर वाण्याकडच्या लिंबू सत्वाने (सायट्रिक ॲसिडने).

लक्षणे

आपला बिघाड नेमका कोणता ते आधी ओळखा, कारण वरवर सारखी दिसणारी लक्षणे वेगवेगळ्या कारणांनी येतात.

– पाण्यात टाकताच सगळा निळा निघून जातो, गडद भागही टिकत नाही: एक्स्पोजर (ऊन मिळण्याचा वेळ) कमी, लेप ओला किंवा फार जाड. तपासणी १ आणि २.

– गडद भाग टिकतात, पण मधल्या आणि फिकट छटा धुण्यात हळूहळू विरघळतात. जितके जास्त धुवावे तितके चित्र फिके: पाणी अल्कधर्मी आहे. तपासणी ३.

– चित्र टिकते, पण पांढऱ्या जागा निळसर राहतात: लेपाला आधीच प्रकाश लागला, द्रावण शिळे आहे किंवा धुणे अपुरे झाले. तपासणी ४ आणि ५.

– पांढऱ्या जागा पिवळट किंवा गंजाच्या रंगाच्या: कागदात खडू आहे, किंवा धुणे अर्धवट राहिले. तपासणी ४ आणि ६.

– लेप देतानाच कागद हिरवानिळा पडू लागतो: कागद किंवा रसायन. तपासणी ५, ६ आणि ७.

– गडद निळे बारीक ठिपके: लोखंडाचे कण. तपासणी ६.

– प्रिंट वाळल्यावर उत्तम होता, भिंतीवर लावल्यानंतर काही महिन्यांत फिका पडला: हा धुण्याचा दोष नाही. शेवटी त्याचा वेगळा विचार केला आहे.

पुढचे सगळे आकडे नेहमीच्या कृतीचे आहेत. द्रावण ‘अ’: हिरवे फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम, पाणी घालून १०० मिली. द्रावण ‘ब’: पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम, पाणी घालून १०० मिली. दोन्हीसाठी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी चालते. वापरण्याच्या वेळी दोन्ही समान मापाने मिसळायची. जॉन हर्शल यांनी १८४२ मध्ये मांडलेली ही प्रक्रिया मुळातच जुन्या छपाई प्रक्रियांमध्ये सौम्य आहे. चांदी नाही, शिसे नाही, क्रोमियम नाही. ती तशीच राहू देणे आपल्या हातात आहे.

तपासणी १: ऊन पुरेसे मिळाले का? (खर्च शून्य)

निळा वाहून जाण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे सायट्रेटमधले फेरिक लोह फेरस होते, आणि तेच फेरिसायनाइडशी जुळून प्रशियन ब्लू बनते. हा रंग पाण्यात विरघळत नाही. बाकीचे न बदललेले मीठ विरघळते. ऊन कमी पडले की रंग फक्त लेपाच्या वरच्या थरात बनतो. खालचा थर पाण्यात सुटतो आणि वरचा निळा घेऊनच जातो.

कागदाचा रंग बघून थांबू नका. तो कुठून कुठे गेला ते बघा. उघडा भाग आधी पिवळसर हिरवा असतो, मग निळा होतो, मग करडा, आणि शेवटी गडद भागात काशाच्या भांड्यासारखी राखाडी झाक येते. अनेक जण दुसऱ्याच टप्प्यावर, म्हणजे छान निळा दिसला की, कागद उचलतात. तो टप्पा अपुरा आहे. सर्वांत गडद भाग राखाडी व्हायला हवेत आणि चित्राच्या फिकट भागातही ठळक रंग दिसायला हवा, कारण धुण्यात तो बराच उतरतो.

खात्रीसाठी पट्टी काढा. चार बोटे रुंद लेपित कागदावर निगेटिव्ह ठेवा, पुठ्ठ्याने झाका आणि पुठ्ठा थोडा थोडा सरकवत २, ४, ८ आणि १६ मिनिटे असे चार पट्टे उघडे करा. धुऊन वाळवल्यावर जो पट्टा पूर्ण गडद राहिला तीच तुमची वेळ. महाराष्ट्रात एप्रिल-मेमध्ये दुपारच्या स्वच्छ उन्हात पाना-फुलांच्या छापाला ५ ते ८ मिनिटे पुरतात. फिल्मवर छापलेल्या निगेटिव्हला ८ ते १५ लागतात. डिसेंबरात चारनंतरच्या उन्हात किंवा पावसाळी ढगात हे आकडे तिप्पटही होतात, म्हणून उन्हाळ्यातली वेळ जुलैत वापरू नका. पट्टी ऋतूगणिक नव्याने काढा. लेपासाठी वापरलेल्या कागदाचे कापलेले तुकडे याच कामासाठी जपून ठेवा. पूर्ण कागद वाया घालवण्याची गरज नाही.

आणखी एक गोष्ट. ओला प्रिंट बघून निकाल देऊ नका. जास्त ऊन मिळालेला गडद भाग धुतल्यावर फिका वाटतो, कारण तिथला रंग तात्पुरता रंगहीन रूपात गेलेला असतो. हवेतल्या ऑक्सिजनने तो २४ तासांत पूर्ण निळा होतो. घाई असेल तर औषधाच्या दुकानातले ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड एक लिटर पाण्यात ५ मिली घालून त्यात अर्धा मिनिट बुडवा, मग साध्या पाण्यातून काढा. याने रंग वाढत नाही, फक्त उद्या दिसणारा रंग आज दिसतो. म्हणून रोजच्या कामात ही पायरी वगळावी. एक रसायन वाचते.

तपासणी २: लेप खरोखर वाळला होता का?

पावसाळ्यात हा दोष हमखास येतो. फेरिक अमोनियम सायट्रेट हवेतले पाणी ओढून घेते. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये लेप दोन तासांनीही बोटाला गार आणि किंचित चिकट लागतो. असा कागद फ्रेममध्ये दाबला की द्रावण निगेटिव्हवर उठते, रंग पृष्ठभागावरच बनतो आणि धुण्यात सगळा सुटतो.

बोटाने न तपासता कागदाचा कोपरा ओठांच्या जवळ न्या, पण टेकवू नका. गारवा जाणवला तर कागद ओला आहे. अंधाऱ्या खोलीत पंख्याखाली तासभर ठेवा. हेअर ड्रायर थंड हवेवरच चालवा. गरम हवेने लेप एकसारखा राहत नाही. त्यानंतरही दमट वाटत असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात तळाशी सिलिका जेलच्या पुड्या, वर जाळी, आणि जाळीवर कागद, असे रात्रभर ठेवा. निळ्याचे गुलाबी झालेले जेल तव्यावर मंद आचेवर परत निळे करता येते, पण तो तवा पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका: निळ्या जेलमध्ये कोबाल्टचे मीठ असते. नारिंगी रंगाचे, कोबाल्ट नसलेले जेल मिळाले तर तेच घ्या.

लेपाची जाडीही इथेच तपासा. ए-४ कागदाला ३ मिलीपेक्षा जास्त द्रावण लागत नाही. सुई काढलेल्या सिरिंजने मापून कागदाच्या मधोमध एक रेघ ओता आणि मऊ, रुंद ब्रशने आडवे, मग उभे पसरा. तकाकी दिसेनाशी झाली की थांबा. कागदाच्या धाग्यांत मुरलेला रंगच टिकतो; वर साचलेला डबक्यासारखा थर पाण्याबरोबर जातो. पिठाळ, खूप चोपडा कागद द्रावण आत घेत नसेल तर दर २ मिली मिश्रणाला ट्वीन-२० (द्रावण कागदात मुरवणारा साबणासारखा द्रव) च्या १० टक्के द्रावणाचा एक थेंब घाला. हे नसेल तर लेपाआधी कागद वाफेवर हलका ओलसर करणेही पुरते.

तपासणी ३: धुण्याचे पाणी (खर्च: मूठभर लिंबू सत्व)

या तपासणीवर सर्वांत जास्त लक्ष द्या, कारण पाण्यातला दोष डोळ्यांना दिसत नाही आणि लोक त्याचा राग रसायनांवर काढतात. प्रशियन ब्लू आम्लात टिकतो आणि अल्कलीत मोडतो. अल्कधर्मी पाण्यात त्याचे दोन तुकडे होतात: पिवळट-तपकिरी लोह हायड्रॉक्साइड, आणि विरघळून जाणारे फेरोसायनाइड. म्हणजे निळा धुऊन निघत नसतो, तो नष्ट होत असतो. दख्खनच्या बसाल्ट खडकातले बोअरवेलचे पाणी बहुधा जड असते आणि त्यातली बायकार्बोनेटे हे काम इमानेइतबारे करतात. नळाचे पाणीही ८ पीएचच्या आसपास असू शकते (पीएच ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कधर्मी).

मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या पीएच पट्टीने पाणी तपासा. हळदीचा कागद इथे उपयोगाचा नाही. तो साडेआठच्या पुढेच लाल होऊ लागतो, आणि त्याआधीच नुकसान सुरू झालेले असते.

पट्टीपेक्षाही बोलकी चाचणी अशी: एकाच वेळी, एकाच निगेटिव्हखाली छापलेला कागद मधोमध कापा. एक अर्धा भाग नेहमीच्या पाण्यात धुवा. दुसरा एक लिटर पाण्यात १ ग्रॅम लिंबू सत्व विरघळवून, त्यात ५ मिनिटे हलवत ठेवा आणि मग साध्या पाण्यातून काढा. वाळल्यावर दोन्ही तुकडे कापलेल्या कडेला कड लावून ठेवा. दोष पाण्याचा असेल तर ती कड दिव्याखाली स्पष्ट रेघेसारखी दिसते: एका बाजूला पानाच्या शिरा आहेत, दुसऱ्या बाजूला त्या पांढऱ्यात हरवलेल्या.

इलाज म्हणून पहिले धुणे कायम आम्लाच्या पाण्यात करा. नळाच्या पाण्याला लिटरमागे १ ग्रॅम लिंबू सत्व पुरते, जड बोअरवेलला २ ग्रॅम. पट्टीवर ४ ते ५ दिसायला हवेत. लिंबू सत्व नसेल तर पांढरे व्हिनेगर लिटरमागे ४० ते ५० मिली. प्रत्यक्ष लिंबू पिळू नका. त्यातला गर आणि साखर कागदात राहते. आम्लाच्या धुण्याने फिकट छटा जास्त टिकतात आणि चित्राचा एकूण कॉन्ट्रास्ट थोडा मऊ होतो. तो जास्त मऊ वाटला तर सत्व वाढवण्यापेक्षा निगेटिव्ह अधिक कॉन्ट्रास्टचे करा.

इथे एक सीमा आहे आणि ती ओलांडू नका. सायट्रिक आणि ॲसेटिक ही सौम्य आम्ले चालतात. हायड्रोक्लोरिक, सल्फ्युरिक, संडास साफ करायचे ॲसिड, फरशीचे ॲसिड यांतले काहीही फेरिसायनाइडच्या जवळ आणू नका. फेरिसायनाइड स्वतः फार विषारी नाही, कारण त्यातले सायनाइड लोहाला घट्ट बांधलेले असते. तीव्र आम्ल आणि उष्णता ती गाठ सोडवतात, आणि हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. याच कारणासाठी द्रावण गॅसवर तापवायचे नाही.

तपासणी ४: धुणे अपुरे की जास्त?

पांढऱ्या जागांत पिवळी झाक असेल तर न बदललेले लोह अजून कागदात आहे. असा प्रिंट उजेडात ठेवला की पांढऱ्या जागा हळूहळू निळ्या होतात. उलट तासभर वाहत्या नळाखाली धरला तर फिकट छटा जातात आणि बादल्याच्या बादल्या पाणीही जाते. वाहता नळ दोन्ही अर्थांनी वाईट.

तीन ट्रे मांडा, प्रत्येकात दोन लिटर पाणी. पहिल्यात लिंबू सत्व, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात साधे पाणी. प्रत्येक ट्रेत कागद ३ ते ५ मिनिटे, तोंड खाली करून, मधूनमधून हलवत. तोंड खाली ठेवल्याने सुटलेले जड द्रावण तळाशी बसते. तोंड वर असेल तर ते चित्रावरच रेंगाळते. सहा लिटरमध्ये ए-४ चे दहा प्रिंट आरामात धुतले जातात. पहिल्या ट्रेतले पाणी पिवळेजर्द झाले की तो काढून दुसऱ्याला पुढे घ्या, त्यात सत्व घाला आणि मागे नवे पाणी लावा.

धुऊनही गंजाची पिवळी झाक राहिली तर लिटरमागे १० ग्रॅम लिंबू सत्वाच्या पाण्यात ५ मिनिटे. ताजा डाग सुटतो. आठवड्याने जुना झालेला सहसा नाही.

तपासणी ५: खोली आणि मिश्रण

लेप देताना खिडकीचा उजेड आणि जुन्या ट्यूबलाइट टाळा. पिवळसर एलईडी बल्ब, दोनेक मीटर लांब, पुरेसा सुरक्षित आहे. लाल दिव्याची गरज नाही.

मिश्रण त्याच दिवसाचे हवे. ‘अ’ आणि ‘ब’ वेगवेगळ्या तपकिरी बाटल्यांत महिनोन्महिने टिकतात; एकत्र केल्यावर काही तासांतच आपोआप निळे होऊ लागतात. पांढऱ्या बशीत एक थेंब टाकून बघा. पिवळसर हिरवा असेल तर ठीक. निळसर झाक असेल तर त्या मिश्रणाने पांढरे कधीच पांढरे राहणार नाही. उरलेले मिश्रण बाटलीत परत ओतू नका. त्यापेक्षा मिश्रण मोजूनच बनवा. तीन ए-४ साठी ४.५ मिली ‘अ’ आणि ४.५ मिली ‘ब’ पुरतात.

‘अ’ द्रावणावर बुरशीचा पापुद्रा धरला असेल तर कॉफीच्या गाळणी-कागदातून गाळून पट्टी काढून बघा. बुरशी धरू नये म्हणून जुन्या कृतींत फॉर्मेलिन घालायला सांगितलेले असते. ते घालू नका. ते कर्करोगकारक आहे. एकावेळी १०० ऐवजी ५० मिलीच बनवा, बुरशी धरण्याआधी संपते.

तपासणी ६: कागद

इथून पुढे थोडे पैसे लागतात.

आजचा बहुतेक ‘ॲसिड-फ्री’ कागद टिकाऊपणासाठी मुद्दाम अल्कधर्मी केलेला असतो. त्यात कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडू, मिसळलेला असतो. इतर चित्रांसाठी हा गुण आहे, सायनोटाइपसाठी दोष. तपासणी सोपी: कागदाच्या कोपऱ्यावर लिंबू सत्वाच्या दाट द्रावणाचा थेंब टाका आणि भिंगातून बघा. बारीक बुडबुडे आले तर खडू आहे. हातकागदही यातून सुटलेला नाही. सुती चिंध्यांचा म्हणून तो आपोआप योग्य ठरत नाही. काही ठिकाणी त्यातही खडू घालतात. शिवाय लगदा कुटणाऱ्या यंत्राच्या पात्यांचे लोखंडी कण त्यात राहतात, आणि नेमके तेच निळे ठिपके होऊन उमटतात. म्हणून प्रत्येक नव्या गठ्ठ्यातला एक कागद तपासल्याशिवाय बाकीचे घेऊ नका. खडू नसलेले, खास अशा छपाईसाठी बनवलेले कागद मिळतात, उदाहरणार्थ आर्श प्लॅटिन किंवा हानेम्युले प्लॅटिनम रॅग. महाग आहेत, पण निदान एक कागद तुलनेसाठी जवळ असावा: त्यावर चित्र नीट आले आणि तुमच्या कागदावर नाही, तर दोष कुठे आहे हा वाद संपतो.

ठिपक्यांचे दुसरे कारण ब्रश. लोखंडी किंवा पत्र्याची पट्टी असलेला ब्रश द्रावणात बुडवू नका. सुतळीने किंवा लाकडात बांधलेला हाके (रुंद, मऊ जपानी) ब्रश, नाहीतर फोमचा ब्रश वापरा.

खडूचा कागदच वापरायचा असेल तर तो आधी सल्फॅमिक ॲसिडच्या १० टक्के द्रावणात बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण १० ते ३० मिनिटे ठेवतात. सायट्रिकने हे काम नीट होत नाही, कारण त्याचे कॅल्शियमचे मीठ कागदात अडकून बसते. पण सल्फॅमिक हे तीव्र आम्ल आहे, डोळ्यांना घातक आहे, आणि लेप देण्याआधी ते भरपूर पाण्याने पूर्ण काढावे लागते. चष्मा आणि हातमोजे घालायची तयारी नसेल, घरात लहान मूल असेल, तर हा उद्योग सोडा आणि कागद बदला.

कापडावर छापत असाल तर हेच दुखणे धुलाईच्या पावडरीतून येते. जवळजवळ सगळ्या पावडरी अल्कधर्मी असतात आणि एका धुण्यात निळ्याचे पिवळे करतात. रिठ्याचे पाणी किंवा लोकरीसाठीचा न्यूट्रल द्रव साबण वापरा. नव्या कापडातली खळ मात्र छपाईआधी गरम पाण्यात पूर्ण काढायला हवी.

तपासणी ७: रसायने

बाटल्या बदलायच्या त्या इथे, सुरुवातीला नाही.

फेरिसायनाइडचे स्फटिक गडद नारिंगी-लाल असतात. लिंबासारखे पिवळे स्फटिक मिळाले असतील तर ते फेरोसायनाइड आहे; नावात एका अक्षराचा फरक असल्याने दुकानात ही अदलाबदल होते. ते ‘अ’ मध्ये मिसळताच मिश्रण गडद निळे होते. म्हणून नवी बाटली आली की एका थेंबावर मिसळून बघा.

फेरिक अमोनियम सायट्रेट हिरवे हवे. तपकिरी प्रकारही मिळतो. तो लोहाच्या टॉनिकमध्ये वापरतात. त्याची प्रकाशसंवेदना कमी असते, एक्स्पोजर लांबते आणि छटा दबलेल्या येतात.

दोन्ही पावडरी तोलताना मास्क लावा, नायट्राइलचे हातमोजे घाला, पंखा बंद ठेवा. उडालेली पूड ओट्यावर बसते आणि दमट हवेत तिथेच निळे डाग पाडते. ते डाग काढायला ब्लीचिंग पावडर किंवा संडासचे ॲसिड घेऊ नका, दोन्ही एकत्र तर कधीच नाही; त्यातून क्लोरीन वायू सुटतो. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने निळा जातो. मागे उरलेली गंजाची पिवळी झाक, सोडा पुसून घेतल्यावर, लिंबू सत्वाने जाते.

तपासणी ८: काच, फिल्म आणि दिवा

लॅमिनेटेड काच आणि यूव्ही रोखणारे ॲक्रिलिक अतिनील किरण अडवतात. साधी ४ मिमी काच घ्या. काचेखाली आणि उघड्यावर एकेक तुकडा सारखा वेळ ठेवून फरक बघा. घरच्या घरी पेटी बनवलीत तर ३६५ ते ३९५ नॅनोमीटरच्या एलईडी किंवा यूव्ही-ए ट्यूब चालतात. निर्जंतुकीकरणाच्या यूव्ही-सी ट्यूब चालत नाहीत. त्या डोळे आणि त्वचा भाजतात. उन्हाला अर्थात वीजही लागत नाही.

आणि डायक्रोमेट? त्याने पांढरे स्वच्छ होतात आणि कॉन्ट्रास्ट वाढतो हे खरे आहे. पण ते षट्संयोजी क्रोमियम आहे: कर्करोगकारक, त्वचेची कायमची ॲलर्जी देणारे, पाण्यातल्या जिवांना घातक. युरोपीय संघात २०१७ पासून ते परवान्याशिवाय वापरता येत नाही. वरच्या आठ तपासण्या झाल्यावर ज्या कामासाठी ते घातले जाते ते काम उरतच नाही. कॉन्ट्रास्ट हवा असेल तर निगेटिव्ह छापतानाच संगणकावर छटांचा वक्र (कर्व्ह) बदला.

धुतलेल्या पाण्याचे काय करायचे?

दहा ए-४ प्रिंटमध्ये मिळून सुमारे दीड ग्रॅम फेरिसायनाइड असते. त्यातले बरेचसे पहिल्या ट्रेत येते. ते विहिरीत, ओढ्यात किंवा झाडांच्या मुळाशी ओतू नका, आणि बादली उन्हात उघडी ठेवू नका. उन्हाने सायनाइड थोडे थोडे सुटू शकते. पहिल्या ट्रेतले पाणी झाकणाच्या बादलीत साठवा. दहा प्रिंटमागे ३ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) थोड्या पाण्यात विरघळवून त्यात ओता आणि ढवळा. पाणी लगेच गडद निळे होते: विरघळलेले फेरिसायनाइड न विरघळणाऱ्या प्रशियन ब्लूमध्ये बदलले. हा रंग इतका बारीक असतो की नुसता ठेवून तळाशी बसत नाही, म्हणून तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवा आणि अंधारात रात्रभर ठेवा. सकाळी वरचे पाणी जाड सुती कापडातून गाळून सांडपाण्याच्या नळीत सोडा. गाळ कापडासकट वाळवून, पिशवीत बांधून, ‘घरगुती घातक कचरा’ म्हणून वेगळा द्या. गाळलेले पाणी अजून निळे दिसत असेल तर तुरटीची फेरी पुन्हा करा. दुसऱ्या-तिसऱ्या ट्रेतले पाणी नेहमीच्या मोरीत चालते.

भिंतीवर फिका पडलेला प्रिंट

आधी तो काढून अंधाऱ्या, हवेशीर कपाटात आठवडाभर ठेवा. प्रकाशाने फिका झालेला प्रशियन ब्लू हवेत पुष्कळसा परत येतो. परत आला तर प्रिंट निरोगी आहे. जागा बदला आणि फ्रेम हवाबंद करू नका. परत आला नाही आणि पिवळट झाक असेल तर मागचा पुठ्ठा तपासा. खडू असलेला ‘बफर्ड’ पुठ्ठा किंवा टिश्यू निळ्याला हळूहळू मारतो. गेलेला निळा लिंबू सत्वाने परत येत नाही, फक्त पुढची झीज थांबते.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

डोळ्यात कोणतेही द्रावण गेले तर सलग १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा आणि डॉक्टरकडे जा. मुलाने सायट्रेट किंवा फेरिसायनाइड गिळले असेल तर ओकारी काढायचा प्रयत्न करू नका. १०८ ला फोन करा आणि बाटली बरोबर न्या. लोहाची मिठे लहान मुलांना जीवघेणी ठरू शकतात, त्यामुळे मुले बरी दिसली तरी वाट बघायची नसते. शाळेच्या कार्यशाळेत पावडर नेऊच नका. लेप दिलेले, वाळलेले कागद न्या.

फेरिसायनाइडवर चुकून तीव्र ॲसिड पडले तर खोलीबाहेर पडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला काय मिसळले ते सांगा. साफ करायला परत आत जाऊ नका, वास येतो का ते बघायलाही नाही. हायड्रोजन सायनाइडचा वास अनेकांना येतच नाही.

हातांवर पुरळ आले आणि आठवड्यात गेले नाही तर काम बंद करून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, विशेषतः पूर्वी कधी डायक्रोमेट हाताळले असेल तर.

यूव्ही पेटीच्या चोक, स्टार्टर किंवा अर्थिंगमध्ये गडबड असेल, पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. शेजारी पाण्याचे ट्रे असतात.

घरात, जुन्या कार्यालयात किंवा वाड्याच्या माळ्यावर सापडलेले जुने निळे नकाशे आणि ब्लूप्रिंट यांच्यावर वरचा एकही उपाय करू नका. लिंबू सत्व नाही, पाणी नाही, पेरॉक्साइड नाही. ते सपाट, कोरडे, अंधारात ठेवा आणि कागद-संवर्धकाला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे.

आणि डायक्रोमेटची जुनी बाटली घरात असेलच, तर ती मोरीत ओतू नका आणि भंगारात देऊ नका. झाकण घट्ट करून, जाड पिशवीत घालून, नाव लिहून जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेला विचारा. त्यांचा घातक कचरा अधिकृत संस्थेमार्फत जात असेल तर त्याबरोबर ती देता येते. तसे जमले नाही तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कार्यालयात चौकशी करा. तोवर बाटली कुलपात, मुलांच्या हाताबाहेर आणि कागद, कापड, स्पिरिट यांच्यापासून लांब ठेवा. डायक्रोमेट आगीला जोर देते.